ऐंशी लिटर

खडेबाजारातल्या दुकानात पोरगा विचारला,
घरात माणसं किती?
मी म्हणालो, दोन.
शालन म्हणाली, पाच.

खोटं कुणीच बोललं नव्हतं.
पोरगा हुशार. मध्ये पडला नाही,
पन्नासची टाकी पायानं मागं सारली
आणि ऐंशीची पुढं ओढली.

बत्तीस वर्षं उद्यमबागेत लाकडी साचे केले मी.
ओतकामातून निघालेला नग
बोटाच्या सांध्यानं वाजवून बघायची खोड.
खणखणला तर घ्या,
भद्द बोलला तर आत कुठंतरी चीर.
ही टाकीही वाजवली, भर दुकानात.
काका, तो वरचा पत्रा, पोरगा म्हणाला,
त्याच्या आत फोम, फोमच्या आत टाकी,
टाकीच्या आत काचेचा मुलामा.
म्हणजे इथं कानाचं काम नव्हतं.
चष्मा काढून हमीपत्र वाचायला बसलो.

बसवायला फकीराप्पा आला.
शालन त्याच्याशी कानडीत बोलायची,
तो तिला मराठीत उत्तर द्यायचा,
दोघंही अडखळत, दोघंही हटून.
न्हाणीत नको, म्हणाला,
गॅसला श्वास लागतोय,
दार लावलं की तो तुमच्यातलाच घेणार.
मग मागच्या गॅलरीत, धुराड्याची नळी वर काढून.
शालनचा कपडे वाळत घालायचा कोपरा गेला.
दोन दिवस ती बोलली नाही,
कुठल्याच भाषेत.

ज्योत निळी पाहिजे. पिवळी दिसली की मला फोन.
सहा महिन्यांनी खालची तोटी सोडा, बादलीभर जाऊ दे.
आणि आत एक कांडी आहे मॅग्नेशियमची,
गंज आधी तिला खातो,
टाकीला हात लावत नाही.
शालन म्हणाली, बाईच दिसते ती.
फकीराप्पा हसला नाही.
तीन वर्षांनी बदला, म्हणाला. बाराशे रुपये.

उन्हाळ्यात राकसकोपचं पाणी आठवड्यानं यायला लागलं,
आम्ही बोअरचं भरलं.
टाकी कुरकुरायला लागली,
तळाशी कुणी चिरमुरे भाजावेत तशी.
गॅस बंद केला, रात्रभर निवू दिलं,
सकाळी तोटी सोडली.
पांढरं आलं, गढूळ, मग खडेच.
चुना, मी म्हणालो.
सुण्ण, वरच्या मजल्यावरची गौरव्वा म्हणाली,
जिन्यात थांबून, वाकून.
तीन बादल्या काढल्या तेव्हा टाकी गप्प झाली.

दिवाळीला मृदुला येणार नव्हती.
जावयाची सुट्टी, नातवाची परीक्षा,
जे असतं ते.
शालननं फोन ठेवला
आणि तापमानाचं बटण
उगाच एक घर वर सरकवलं.

आदल्या संध्याकाळी गौरव्वा खाली उतरली.
त्यांच्यात पाणी भरायचा सण.
तिचा तांब्याचा हंडा मागच्याच वर्षी मोडीत गेला होता.
वाटीत कालवलेला चुना, कावेचं बोट,
गळ्यात बांधायला कुठल्याशा वेलीची दोरी.
हेच आता, म्हणाली,
आणि टाकीच्या नव्या कोऱ्या पांढऱ्या अंगावर
पट्टे ओढायला लागली.
पांढऱ्यावर पांढरं दिसेना,
म्हणून कावेनं परत ओढले.
हमीपत्रात याबद्दल काही लिहिलेलं नाही.
मी पुन्हा बघितलं.

पहाटे चारला तिची पोरं जिन्यातून उतरली,
तेल चोपडलेली, कुडकुडत, बादल्या घेऊन.
एक, दोन. मग तिचा नवरा. मग ती.
शालन गॅलरीच्या दारात उभी राहून
ओठ न हलवता मोजत होती.

माझी पाळी आली तेव्हा
धार कोमट झाली होती.
पाटावर बसून मी म्हणालो,
पन्नासची घेतली असती ना, तर

तिनं डोक्यावर तांब्या ओतला.